ती फाईल कुणाची?

ठाणे-कल्याणच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर अधूनमधून एक छोटी जाहीर सूचना येते. झोपलेल्या बाळाचा काळपट छापलेला फोटो आणि खाली चार ओळी: हे बालक अमुक तारखेला अमुक ठिकाणी मिळालं, सध्या अमुक संस्थेत आहे, जन्मदात्या पालकांनी किंवा नातेवाइकांनी मुदतीत संपर्क साधावा, अन्यथा त्याच्या पुनर्वसनाची कार्यवाही सुरू होईल. शेजारी हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटची नोटीस असते, खाली कुणाच्या तरी सोसायटीच्या कन्व्हेयन्सची. आपण पान उलटतो. त्या बाळाच्या नावावरचा हा पहिला छापील कागद असतो. पंचवीस-तीस वर्षांनी आपण कुठून आलो हे शोधायला ते निघालं, तर बहुतेक वेळा या चार ओळींपाशीच येऊन थांबतं, कारण त्यामागे लिहिलेलं काहीच सापडत नाही.

असं बाळ मिळालं की प्रकरण जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे जातं. पोलीस शोध घेतात, सूचना छापली जाते. दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर दोन महिन्यांत आणि त्याहून मोठं असेल तर चार महिन्यांत समितीने ते दत्तक देण्यासाठी मोकळं आहे की नाही हे ठरवावं, असं २०१५चा बाल न्याय कायदा सांगतो. दुसरा मार्ग आईने स्वतः येऊन मूल स्वाधीन करण्याचा. त्यात समितीपुढे तिची सही किंवा अंगठा होतो आणि मन बदललं तर मूल परत नेण्यासाठी तिला ६० दिवस मिळतात. हा फरक त्या वेळी कुणाला मोठा वाटत नाही. मुलाला पुढे तो आयुष्यभर पुरतो. पहिल्या मुलाच्या फाईलमध्ये जागा, तारीख आणि पंचनामा असतो. दुसऱ्याच्या फाईलमध्ये एक नाव असतं, एक गाव असतं, कधीकधी कारणही असतं.

आपल्या भागात या फायली जिथे राहतात त्या जागा फार दूर नाहीत. डोंबिवलीत 'जननी आशिष' आहे, नेरूळला 'विश्व बालक केंद्र', ठाण्याच्या अलीकडे कांजूरमार्गला 'वात्सल्य ट्रस्ट'. रोज लोकलने जाताना हजारो माणसं या संस्थांच्या जवळून जातात. आपल्यातल्या कितीतरी घरांत इथून किंवा अशाच एखाद्या संस्थेतून आलेलं मूल आता कॉलेजात आहे, नोकरीला आहे, कुणाचं लग्न ठरतंय. देशभरात २०२४-२५ या एका वर्षात ४,५१५ मुलं दत्तक गेली आणि त्यातली ४,१५५ देशातल्याच घरांत गेली. पण मुळं शोधणाऱ्या दत्तक मुलाची बातमी आपण वाचतो ती नेहमी परदेशातून आलेल्या माणसाची असते. गोरे आईवडील, सावळा चेहरा, हातात जुना फोटो, विमानतळावर अश्रू. इथेच वाढलेल्या, मराठीत विचार करणाऱ्या, आईच्या हातची पुरणपोळी आवडणाऱ्या मुलाच्या मनात तोच प्रश्न येतो तेव्हा त्याची बातमी होत नाही. बहुधा तो प्रश्न उच्चारलाही जात नाही.

परदेशी गेलेल्यांची गोष्ट मात्र आधी सांगायला हवी. आज इथल्या मुलाला जे थोडेफार हक्क आहेत ते बरेचसे त्यांच्या भांडणातून आले.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत महाराष्ट्रातून युरोप-अमेरिकेत मुलं जात होती. परदेशी जोडप्याला इथे थेट दत्तक घेता येत नसे, म्हणून १८९०च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली कोर्टातून पालकत्वाचा आदेश घ्यायचा, मूल घेऊन जायचं आणि आपल्या देशात गेल्यावर तिथल्या कायद्याने दत्तक करायचं, अशी वाट होती. या वाटेवर देखरेख फारशी नव्हती. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली आणि १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठाने पहिल्यांदा सविस्तर नियम घालून दिले. त्यातूनच १९९० मध्ये दत्तकाचं काम पाहणारी केंद्रीय यंत्रणा उभी राहिली. तिला आपण आज 'कारा' म्हणून ओळखतो.

नियम आले म्हणून सगळं सरळ झालं असं नाही. पुण्यातल्या 'प्रीत मंदिर' या दत्तक संस्थेविरुद्धच्या तक्रारींची मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने चौकशी केली, हे अनेकांना आठवत असेल. स्वित्झर्लंडमध्ये २०२४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. झ्युरिच आणि थुरगाऊ या दोन प्रांतांत १९७३ ते २००२ या काळात भारतातून गेलेल्या २५६ मुलांच्या दत्तकाचा तो मागोवा होता. संशोधकांनी ज्या फायली बारकाईने तपासल्या त्यांत जन्मदात्या आईचं संमतीपत्र त्यांना मिळालं नाही. अभ्यासाला नावच 'आई अज्ञात' असं दिलं आहे. संमतीचा कागद नाही याचा अर्थ प्रत्येक आईकडून मूल हिसकावलं असा होत नाही, हे खरं. पण पन्नाशीला आलेल्या माणसाने ती फाईल हातात घेतली आणि त्यात आईच नसली, तर त्याने काय समजायचं?

अरुण डोहले यांचं नाव या संदर्भात पुन्हा पुन्हा येतं. १९७३ मध्ये पुण्यात जन्म, कुसुमबाई मोतीचंद महिला सेवाग्राम या संस्थेतून जर्मन जोडप्याकडे दत्तक. विशीत ते आईचा शोध घेत पुण्याला आले. संस्थेने माहिती द्यायला नकार दिला, कारण आईला गुप्ततेचा शब्द दिलेला होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तिथे यश आलं नाही, मग सर्वोच्च न्यायालय. आपल्या आईपर्यंत पोचायला त्यांना दीड दशकाहून अधिक काळ लागला. पुढे त्यांनी हेच आपलं काम केलं. बेकायदा दत्तक प्रकरणांविरुद्ध संघटना उभारली आणि इतर दत्तक मुलांना शोधात मदत करू लागले.

नागपूरची गोष्ट वेगळ्या सुराची आहे. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये स्थापन केलेल्या मातृ सेवा संघात १९८५ साली एक अविवाहित तरुणी आपलं तान्हं बाळ ठेवून गेली. परिचारिकेने महिन्यावरून त्याचं नाव फाल्गुन ठेवलं. ते नेदरलँड्सला गेलं आणि नाव तसंच राहिलं. आज फाल्गुन बिनेनडाइक ॲमस्टरडॅमजवळच्या हीमस्टेड शहराचे महापौर आहेत आणि आईला शोधायला नागपूरला येऊन गेले आहेत. कर्णाला कुंतीला भेटण्याचा हक्क आहे, अशा अर्थाचं ते बोलले, आणि आपल्या आईला मनस्ताप द्यायचा नाही, आपण सुखात आहोत एवढंच तिला कळावं, असाही त्यांचा सूर होता.

या दोघांमध्ये मला सगळा पल्ला दिसतो. एकाला आपल्यावर अन्याय झाला असं वाटतं, दुसऱ्याला निरोप पोचवायचा आहे. आणि एकाच माणसाच्या मनात या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात येऊन जाऊ शकतात.

ठाणे जिल्ह्यातून गेलेल्या मुलाला शोध घ्यायचा असेल तर वाट आणखी किचकट होते, ती इथल्या भूगोलामुळे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला. त्याआधीच्या कागदावर 'जिल्हा ठाणे' असं लिहिलं असेल तर ते मूल डहाणूच्या पाड्यावरचं असू शकतं, वसईच्या ख्रिस्ती वाडीतलं, उल्हासनगरच्या कॅम्पातलं किंवा भिवंडीच्या यंत्रमागाशेजारच्या खोलीतलं. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ची. त्याआधीचा जन्म असेल तर नोंद कुठल्या जुन्या नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या वहीत आहे हे आधी शोधावं लागतं. २६ जुलै २००५ला उल्हास नदीचं पाणी बदलापूर-कल्याणमध्ये शिरलं तेव्हा तळमजल्यावरचे किती कागद भिजून गेले असतील याचा हिशेब कुणी मांडला नाही. शिवाय दत्तक झाल्यावर मुलाचा जन्मदाखला नव्या आईवडिलांच्या नावाने निघतो. तो तसाच निघायला हवा, शाळेत मुलाला कुणी काही विचारू नये म्हणून. पण त्यामुळे जन्मदाखला हातात असूनही त्यातून मागचं काही कळत नाही. उरते संस्थेतली फाईल, समितीचा किंवा कोर्टाचा आदेश आणि एखाद्या निवृत्त समाजसेविकेची स्मरणशक्ती.

कागदांच्या या बाबतीत दक्षिण कोरियाकडे पाहावं असं मला वाटतं. कोरियन युद्धानंतरच्या सत्तर वर्षांत त्या देशाने सुमारे दोन लाख मुलं परदेशी दत्तक पाठवली. ती मुलं मोठी झाली, परतली, आणि त्यांना दिसलं की आईवडील हयात असलेल्यांना कागदोपत्री अनाथ केलं होतं, एका मुलाच्या कागदांवर दुसऱ्यालाच पाठवलं होतं. त्यांनी तक्रारी केल्या. अकरा देशांतून ३६७ जणांचे अर्ज सत्यशोधन आयोगापुढे आले. सरकारने मानवी हक्कांचं उल्लंघन केलं असा निष्कर्ष आयोगाने मार्च २०२५ मध्ये काढला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली. आपल्याकडून गेलेल्या मुलांची संख्या त्या मानाने लहान आहे, म्हणून आपल्याला असा आयोग नेमण्याची गरज वाटलेली नाही. भोगणाऱ्याला संख्येने फरक पडत नाही. १९८९ मध्ये मुंबईतून अमेरिकेत दत्तक गेलेल्या एका मुलीच्या नागरिकत्वाचे कागद तिकडच्या मोठ्या माणसांनी पुरे केलेच नाहीत. तिला २००८ साली अमेरिकेने हद्दपार केलं. नवरा, मुलं तिकडे ठेवून ती अशा शहरात उतरली जिथली भाषा ती विसरली होती.

कोरियन दत्तकांच्या लेखनात एक गोष्ट वारंवार दिसते. शोध घ्यावा की नाही याबद्दल त्यांच्या मनात ठाम उत्तर नसतं. लोक धरून चालतात की दत्तक मूल म्हणजे आतून झुरणारं आणि एक दिवस शोधाला निघणारं. इथल्या घरांतही तसंच धरलं जातं, आणि ते चूक आहे.

कुणाला काहीच शोधायचं नसतं. आपली आई हीच, आपले बाबा हेच, विषय संपला, असं मनापासून वाटणारी माणसं आहेत. त्यांनी आपल्या भावना दाबून टाकल्या आहेत असं त्यांना समजावत बसू नये. कुणाला फक्त चेहरा पाहायचा असतो. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर किंवा ठाण्यात राम मारुती रोडवर तरुणांची गर्दी जमते. नवे कपडे, गजरे, शाळेतले मित्र. तिथे ओळखीच्या काकू भेटतात आणि सहज म्हणून जातात, अगदी आईवर गेलीस हो! दत्तक मुलगी हसते. तिची आईही हसते. दोघींना काय वाटलं ते दोघी एकमेकींना घरी गेल्यावर सांगतीलच असं नाही. आपल्यासारखं नाक, आपल्यासारखे हात असलेलं एकही माणूस न पाहता वाढणं म्हणजे काय हे बाकीच्यांना सहज कळत नाही. म्हणूनच अनेकांना स्वतःचं मूल झाल्यावर हा प्रश्न नव्याने येतो. पहिल्यांदाच रक्ताचं कुणीतरी समोर असतं.

कुणाचा प्रश्न दवाखान्यात सुरू होतो. घरात कुणाला मधुमेह, रक्तदाब, स्तनांचा कर्करोग? डॉक्टरांच्या या नेहमीच्या विचारण्याला उत्तर नसतं. कुणाचा लग्नाच्या वेळी. मराठी मध्यमवर्गात स्थळ बघताना पत्रिका मागतात आणि पत्रिकेला जन्मवेळ लागते. सापडलेल्या बाळाची तर जन्मतारीखही डॉक्टरांनी अंदाजाने ठरवलेली असते. पत्रिका न मानणारं घर मिळालं की हे निभावतं, पण पुढे प्रश्न येतो, समोरच्यांना सांगायचं कधी आणि कुणी.

आणि भीती. ती दोन बाजूंनी असते. विचारलं तर आईला काय वाटेल? जिने रात्री जागून काढल्या, जिने नातेवाइकांचे टोमणे गिळले, तिला वाटेल आपण कमी पडलो. ही भीती इतकी मोठी असते की कित्येक जण आईवडील असेपर्यंत शोधाचं नाव काढत नाहीत, आणि ते गेल्यावर निघतात तेव्हा जन्मदातीही हयात नसते. दुसरी भीती त्याहून बोचरी आहे. तिने पुन्हा नाही म्हटलं तर? पहिला नकार आठवत नाही, तो कागदावर आहे. दुसरा जागेपणी ऐकावा लागेल. शोध सुरू करून, अर्ज भरून, मधेच सोडून देणारी माणसं आळशी नसतात.

राग असतो, तोही चमत्कारिक. आपल्याला सोडणाऱ्या बाईवर राग, आणि तिला सोडायला लावणाऱ्यांवर त्याहून जास्त राग. त्याबरोबरच अपराधी वाटणं, की मला एवढं चांगलं घर मिळालं आणि मी कशाला हे उकरतोय. 'नशीबवान आहेस' हे वाक्य दत्तक मुलांनी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलेलं असतं की आपल्याला दुःख होण्याचा अधिकार आहे असंच त्यांना वाटत नाही. शेजारपाजारच्या, नात्यातल्या माणसांनी हे वाक्य कायमचं बंद करावं. पोटच्या मुलाला आपण असं कधी म्हणतो का?

सगळ्यात वाईट अवस्था उशिरा कळलेल्यांची. पंचविशी-तिशीपर्यंत काही सांगितलेलं नसतं आणि मग जागेच्या वाटणीच्या भांडणात काकाच्या तोंडून बाहेर पडतं. अशा माणसाचा पहिला प्रश्न जन्मदात्रीबद्दल नसतो. घरात आजवर जे जे बोललं गेलं त्यातलं खरं काय, हा असतो. दत्तकाच्या क्षेत्रात काम करणारे समुपदेशक मूल बोलायला लागल्यापासून गोष्टीतून सांगत जा म्हणून कळकळीने सांगतात ते याचसाठी.

आपल्या घरांत ही गोष्ट बहुधा कृष्णाची असते. देवकीने जन्म दिला, यशोदेने वाढवलं. मुलांना ती आवडते. पण ती सांगणाऱ्या आईला पुढचा भाग माहीत असतो: कृष्ण मथुरेला गेला आणि गोकुळात राहायला परतला नाही. मुळं शोधायला निघालेल्या मुलाच्या आईच्या मनात हीच धास्ती असते, आणि तिला तिची लाज वाटते. त्या आयांना सांगावंसं वाटतं की दत्तक मुलांच्या अनुभवांत मथुरेला जाऊन राहणं फार क्वचित घडतं. मूल जातं, बघतं, रडतं, आणि संध्याकाळी तुम्हालाच फोन करतं. जिथे आईवडील स्वतः संस्थेत घेऊन गेले, फाईल एकत्र बसून वाचली, तिथे नातं घट्ट झालेलं दिसतं. दाखल झालं तेव्हाचं वजन, लशींची नोंद, आयाबाईंनी ठेवलेलं नाव, कधी आईची सही. बऱ्याच जणांना एवढं पुरतं. ते पुढे जात नाहीत.

मग एवढी गुप्तता आली कुठून? आपल्याकडे दत्तक ही काही नवी रीत नाही, आणि जुन्या दत्तकात लपवाछपवी नव्हती. कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक जाऊन सयाजीराव झाला, तेव्हा तो कुणाचा मुलगा हे सगळ्या मुलखाला ठाऊक होतं. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीला दत्तक जाऊन शाहू झाले, त्यांचे जन्मदाते आबासाहेब तर संस्थानचा कारभार बघत होते. सामान्य घरांतही भावाचं, बहिणीचं मूल घ्यायचे. दोन्ही आया एकाच मांडवात वावरायच्या.

गुप्तता आली ती दुसऱ्या दाराने, आणि ती दयेपोटी आली. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. कोवळ्या विधवांवर अत्याचार व्हायचे, दिवस राहायचे, आणि मग विहीर किंवा काळं पाणी. त्यांना गुप्तपणे येऊन बाळंत होता यावं, मूल ठेवून जाता यावं, ही हमी होती म्हणून त्या आल्या. पंढरपूरला प्रार्थना समाजाच्या लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये असंच गृह निघालं, आजचं नवरंगे बालकाश्रम. त्या काळी गुप्तता नसती तर ती आईही जगली नसती आणि मूलही. हे विसरून आजच्या संस्थांना दोष देणं सोपं आहे. पण हेही लक्षात ठेवायला हवं की जोतिरावांनी काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला आणि १८८७च्या आपल्या मृत्युपत्रात त्याच्या जन्माची हकिकत उघडपणे नोंदवली. जगापासून आईला वाचवायचं आणि मुलापासून सत्य लपवायचं नाही, या दोन्ही गोष्टी त्यांना एकत्र जमल्या.

आजच्या नियमांत हा समतोल कागदावर आहे. मूळ शोधण्याचा अर्ज १८ वर्षांवरील दत्तक व्यक्तीला स्वतः करता येतो, त्याखाली आईवडिलांसोबत. अर्ज 'कारा'कडे किंवा संस्थेकडे जातो आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षापर्यंत येतो. स्वाधीन करताना आईने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिची लेखी संमती घ्यावी लागते. ती नाही म्हणाली किंवा सापडली नाही, तर मूल कुठल्या परिस्थितीत आणि का सोपवलं गेलं एवढं मुलाला सांगायचं. दत्तक मुलाच्या हक्कामुळे जन्मदात्यांच्या खासगीपणाला बाधा येता कामा नये, असं स्पष्ट लिहिलं आहे. त्रयस्थाने शोध घ्यायला मनाई आहे.

मला हा नियम तत्त्वतः पटतो. साठीच्या एखाद्या बाईच्या सासरी, सुना-नातवंडांसमोर, कुणी वकील किंवा यूट्यूबवाला फोटो घेऊन उभा राहिला तर तिचं उरलेलं आयुष्य उद्ध्वस्त होईल. तिने तेव्हा मूल सोपवलं ते सतरा-अठराव्या वर्षी, गावाकडे 'मुलगी शिवणक्लासला मुंबईला गेली आहे' असं सांगून. कदाचित नवऱ्यालाही तिने कधी सांगितलेलं नसेल. तिला दिलेला शब्द मोडू नये.

पण शब्द पाळायचा म्हणजे कपाटाला कुलूप लावून बसायचं, असा त्याचा अर्थ झाला आहे. तिची संमती घ्यायला जाणारं माणूस कोण? एका जिल्हा कक्षाकडे बालविवाह, हरवलेली मुलं, बालकामगार, संस्थांची तपासणी एवढं सगळं असताना चाळीस वर्षांपूर्वीच्या पत्त्यावर हळुवारपणे जाऊन, शेजाऱ्यांना संशय न येता, एका बाईशी बोलायला वेळ कुणाकडे आहे? मग उत्तर जातं: शोध लागला नाही. त्रयस्थाला मनाई आणि अधिकृत माणसाला सवड नाही, म्हटल्यावर मराठी न येणारी, इथला पिनकोड न समजणारी परदेशस्थ मुलं कुणाकडे जाणार? प्रत्येक मोठ्या जिल्ह्यात या कामासाठी प्रशिक्षित, एकच काम असलेला मध्यस्थ नेमायला हवा. अजून एक गोष्ट तातडीची आहे. बंद पडणाऱ्या, मान्यता गेलेल्या संस्थांच्या फायली राज्य सरकारने ताब्यात घेऊन एका ठिकाणी, कोरड्या जागेत, स्कॅन करून ठेवाव्यात. मुलाच्या मुळांची माहिती जपून ठेवण्याचं बंधन आंतरदेशीय दत्तकाविषयीच्या हेग करारातही आहे आणि भारताने तो २००३ मध्ये मान्य केला आहे.

कुलूप तसंही फार काळ टिकणार नाही. परदेशात गेलेली दत्तक मुलं घरबसल्या थुंकीची नळी पाठवून डीएनए तपासून घेतात. भारतात हे करणारे अजून थोडे आहेत, पण न्यू जर्सीतला एखादा जोशी किंवा पाटील हौसेने तपासणी करतो आणि त्याला कळतं की स्वीडनमधली एक अनोळखी बाई त्याची मावसबहीण लागते. पुढचा फोन थेट कल्याणच्या घरी येतो. नियम, समिती, संमती, सगळं बाजूला राहतं. असा धक्का त्या आईला बसण्यापेक्षा आपल्या माणसाने आधी येऊन विचारलेलं तिला बरं वाटेल, असं मी धरून चालते.

आजही मुली त्याच अडचणीत सापडतात. आई अल्पवयीन असेल तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, म्हणून घरचे घाबरतात आणि बाळ झुडपात, स्टेशनच्या बाकावर, देवळाच्या पायरीवर मिळतं. नाइलाजाने मूल सोडणाऱ्या जन्मदात्यांना बाल न्याय कायदा सूट देतो. समितीपुढे येऊन मूल स्वाधीन करणं हा गुन्हा नाहीच. आपल्या ओळखीत कुणावर ही वेळ आली तर १०९८ला फोन करा, संस्थेत घेऊन जा. बाळाचा जीव वाचेल आणि त्याच्या फाईलमध्ये निदान एक नाव राहील.

आणि आता एक विनंती, जी मी बरेच दिवस मनात ठेवली आहे. दिवाळी अंक या भागात घराघरांत वाचले जातात. म्हणून ज्या बाईने तीस-चाळीस वर्षांपूर्वी आपलं बाळ सोपवलं, तीही हे वाचत असेल. ताई, तुम्ही कुणाला काही सांगायला हवं असं नाही. भेटायलाच हवं असंही नाही. फक्त त्या संस्थेला एक पत्र लिहा. घरात कुठले आजार आहेत ते लिहा. तेव्हा काय झालं होतं ते तुमच्या शब्दांत लिहा. मूल शोधत आलं तर भेटायची तयारी आहे की नाही, तुमच्याशी संपर्क कसा करावा, कसा करू नये, हेही लिहा. 'नाही' लिहिलंत तरी चालेल. पत्र त्या फाईलमध्ये लावून घ्या आणि ते मिळाल्याची पोच मागा.